मिरची वाळली, लेबल अजून नाही
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही भाईंदरजवळच्या राई गावातल्या बायका बोलतोय. आमचा बचत गट आगरी मसाला करतो, तांदळाचे पापड करतो, आणि गेली काही वर्षं मोबाइलवरून ते विकतो. लांबच्या गटांना राई कुठे ते माहीत नसेल, म्हणून सांगतो. भाईंदर स्टेशनला पश्चिमेकडे उतरायचं, उत्तनच्या रस्त्याला लागायचं, की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं एकामागोमाग येतात. २००२ साली मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली, त्यामुळे कागदावर आम्ही शहरातल्या. पण मिरची अजून अंगणातच वाळते, आणि खाडीचा वारा सुटला की सगळ्या आळीला खाट बसतो.

आज विषय आहे ऑनलाइन धंद्याचा, पण मोबाइल कसा चालवायचा ते आज सांगणार नाही. ते पोरंबाळं शिकवतात. आम्ही मेळाव्यांना जातो तेव्हा इतर गटांतल्या बायका भेटतात, आमचा मसाला चाखतात, आपला डबा उघडून दाखवतात. त्यांची वस्तू सुरेख असते. कुणाची नाचणीची बिस्किटं, कुणाची कुरडई, कुणाचा गोधडीचा टाका तर असा की बघत राहावं. आणि मग सगळ्यांचं एकच वाक्य येतं: "विकायचंय हो ताई ऑनलाइन, पण अजून तयारी नाही झाली."

ही तयारी म्हणजे काय, असं आम्ही विचारतो. मग यादी निघते. नाव ठरलं नाही. ठरलं, पण ते चित्र, तो काय तो लोगो, मनासारखा झाला नाही. डबा पाहिजे तसा मिळत नाही, मिळतो तो महाग. फोटो नीट येत नाहीत, मागे भांड्यांची मांडणी दिसते. बोलायचं तर आपली भाषा शुद्ध नाही. आणि शेवटी हळूच: "लोक हसतील."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं हे होतं. माल पोत्यात आणि भांडण लोगोच्या रंगावरून.

आता ह्याला कुणी आळस म्हणेल. आम्ही नाही म्हणणार. आळशी बाईच्या कुरड्या इतक्या एकसारख्या होत नाहीत. उलट ज्यांचा हात सगळ्यांत चांगला त्याच सगळ्यांत जास्त थांबतात. कारण त्यांना आपली वस्तू कुठे कमी पडते ते दिसतं, दुसऱ्याला दिसत नाही ते दिसतं. ही नजर चांगलीच आहे, तिच्यावरच तर मसाला होतो. पण तीच नजर पाकिटाच्या कोपऱ्यावर, फोटोच्या कडेवर, अक्षराच्या वळणावर फिरायला लागली की काम काही केल्या संपत नाही.

आणि ती नजर आली कुठून, हेही बघा. आपल्यातल्या कित्येकींना भाकरी गोल नाही आली तर ताटावरच ऐकावं लागलंय. "हा काय नकाशा केलास?" भाकरी शिजलेली होती, पोट भरत होतं, पण बोलणं गोलाईवरून. मुलग्याने वाकडीतिकडी भाकरी केली तर घरभर कौतुक. अशी वर्षानुवर्षं ऐकलेली बाई जेव्हा पहिल्यांदा आपली वस्तू चारचौघांसमोर, तीही अनोळखी लोकांसमोर मांडते, तेव्हा तिच्या मनात गिऱ्हाईक नसतंच. तिच्या मनात तेच ताटावरचं बोलणं असतं. गिऱ्हाइकाला भाकरी खायची आहे. ते नकाशा बघायला आलेलं नाही.

ह्या बाबतीत आपल्याजवळ एक गोष्ट आहे, ती सगळ्यांना अर्धीच माहीत असते. लिज्जत पापडाची. मुंबईत गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारती आहेत. तिथे राहणाऱ्या सात गुजराती बायकांनी १५ मार्च १९५९ ला गच्चीवर बसून पापड लाटले. भांडवल म्हणून ८० रुपये उसने घेतले, छगनलाल करमसी पारेख नावाच्या समाजसेवकांकडून, ज्यांना सगळे छगनबापा म्हणत. पहिल्या दिवशी किती पापड झाले? चार पाकिटं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, आणि मग आपण थेट आजच्या लिज्जतवर येतो, हजारो बायका, देशभर शाखा, आणि त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली मिळालेली पद्मश्री. मधलं गळून जातं. आम्हाला मधलंच जास्त उपयोगाचं वाटतं.

एक म्हणजे नाव. त्या बायकांनी १९५९ ला विकायला सुरुवात केली आणि 'लिज्जत' हे नाव ठरलं १९६२ साली. म्हणजे तीन वर्षं पापड विकले गेले, खाल्ले गेले, पुन्हा मागवले गेले, आणि आज आपण ज्या नावाने त्यांना ओळखतो ते नाव नव्हतंच. नाव ठरलं तेही स्पर्धा घेऊन, बक्षीस होतं ५ रुपये. आता सांगा, आपण नावासाठी सहा सहा महिने बैठका घेतो त्या कशासाठी?

दुसरं म्हणजे पाऊस. पहिल्या वर्षी पावसाळा आला आणि काम चार महिने बंद पडलं, कारण पापड वाळणार कुठे? आधी पावसाची सोय करू, मग सुरू करू, असं त्यांनी म्हटलं असतं तर १५ मार्चला गच्चीवर कुणीच बसलं नसतं. त्यांनी सुरू केलं, पाऊस आला, थांबल्या. पुढच्या वर्षी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. झालं, पावसातही काम चालू. हा उपाय कुठल्या प्रशिक्षणात मिळाला नसता. पावसात अडकल्यावरच तो सुचतो.

तिसरं, त्यांचं सगळंच जमलं असं नाही. १९६१ साली मालाडला दुसरी शाखा काढायचा प्रयत्न झाला, तो फसला. मालाड म्हणजे आमच्या भाईंदरपासून लोकलने पाच स्टेशनं. आम्ही मुंबईला जाताना ते स्टेशन लागलं की आमच्यातली एक म्हणते, "हे बघ, इथे लिज्जत बुडालं होतं." पुढे अगरबत्ती, काडेपेट्या, चामड्याच्या वस्तू असंही त्यांनी करून पाहिलं, ते चाललं नाही. सोडून दिलं. पापड चालू राहिला.

पण थांबा. ह्यावरून कुणी म्हणेल, म्हणजे कसंही करा, चालतंय. नाही. गोष्टीतला चौथा भाग आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. छगनबापांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि त्या प्रतीत कधी तडजोड करू नका. आणि हिशेब चोख ठेवा. तुटके पापड? ते शेजाऱ्यांना वाटले, पाकिटात घातले नाहीत. म्हणजे बघा, नावाच्या बाबतीत तीन वर्षं सैल, जागेच्या बाबतीत सैल, पण पापडाच्या बाबतीत आणि पैशाच्या बाबतीत तसूभर हलायचं नाही. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. त्या काळी ती बरी रक्कम होती.

आमच्या गटाने हेच धरलंय. कुठे ताणून धरायचं आणि कुठे सोडायचं, हे आम्ही वहीत लिहून ठेवलंय, कारण तोंडी ठेवलं की रोज नवा वाद.

ताणून धरायच्या गोष्टी चार. पहिली कोरडेपणा. मिरची हातात घेऊन हलवली की बियांचा खुळखुळ आवाज आला पाहिजे, आणि देठ मोडला तर कट्‌कन मोडला पाहिजे, वाकता कामा नये. आमच्याकडे खाडीची हवा, संध्याकाळी मिरची पुन्हा दमट होते, म्हणून ऊन उतरायच्या आत ती घरात येते. दमट मिरची कुटली तर बुरशी धरते, आणि मिरचीवरच्या काही बुरशा असं विष तयार करतात जे भाजूनही नीट जात नाही. इथे "चालतंय" म्हणणारी बाई आमच्या गटात चालत नाही, मग ती वयाने कितीही मोठी असो. धने, मिरे, दालचिनी, सगळं निवडून, भाजून, पूर्ण गार करूनच गिरणीत. गिरणीतून आलेला मसाला गरम असताना पाकिटात भरायचा नाही, आत वाफ धरते.

दुसरी गोष्ट वजन. पाव किलो म्हणजे मसाला पाव किलो, पाकिटाचं वजन धरून नाही. काटा वैध मापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यायचा. तिसरी, लेबलवरची माहिती. लेबल सुंदर नको, खरं पाहिजे: पदार्थाचं नाव, आत काय काय आहे, निव्वळ वजन, किंमत, भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, पत्ता, फोन, अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी नंबर, आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. अक्षर ठळक आणि न पुसणारं. नोंदणीला बायका घाबरतात. घरगुती छोट्या उद्योगाची नोंदणी 'फोसकॉस' ह्या सरकारी संकेतस्थळावर होते, आमची झाली तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती. लोगोवर चार महिने घालवणाऱ्या बाईने आधी हे एक काम उरकावं. हे सोडून विकायला बसायचं नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. आणि चौथी गोष्ट पैसा. आलेली प्रत्येक रक्कम त्याच दिवशी वहीत. मोबाइलवर पैसे आले की 'दिसतील नंतर' असं वाटतं, पण महिन्याने त्या यादीतून कोण कुणाची ते कळत नाही.

एवढ्या चार. बाकी सगळं सैल.

सैल म्हणजे काय, ते जरा सांगतो. फोटो घ्या. आमचा फोटो निघतो सकाळी ९ च्या सुमाराला, खिडकीजवळ, स्टीलच्या ताटात मसाला, शेजारी पाकीट, संपलं. आणि एक युक्ती सांगतो, जी बहुतेकींना उलटी वाटेल. मोबाइलमधल्या त्या रंग खुलवायच्या सोयी वापरायच्याच नाहीत. मसाला फोटोत भडक लाल दिसला, आणि घरी पाकीट फोडल्यावर तांबूस निघाला, की गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला फसवलं. तुमचा मसाला चांगला असूनही! जास्त चांगला दाखवायला गेलात की तुमचा खरा माल उगाच कमी ठरतो.

ह्यावरून रंगाचं सांगायचं राहिलं. एका ताईंनी पुण्याहून लिहिलं, "मागच्या वेळी रंग जास्त लाल होता, ह्या वेळी वेगळा आहे. जुन्यासारखाच हवा." गटातल्या काही जणींचं तोंड उतरलं. पण यात चुकलेलं काहीच नव्हतं. आमच्या मसाल्यात ब्याडगी असते, ती रंगाला. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून तिचं नाव. लवंगी असते ती तिखटाला, आणि संकेश्वरी दोन्हीला थोडी थोडी. शेतातला माल आहे, दरवर्षी पाऊस वेगळा, ऊन वेगळं, मिरचीचा रंग वेगळा. कारखान्यातल्या पाकिटाचा रंग वर्षानुवर्षं तोच राहतो, त्यासाठी कारखाना काय काय करतो हा त्यांचा प्रश्न. आम्ही त्या ताईंना तेवढंच लिहिलं: ह्या वर्षीची ब्याडगी अशी आली आहे, रंग घातलेला नाही, तिखटपणा तोच आहे, करून बघा, नाही आवडला तर पाकीट परत पाठवा. त्यांनी परत पाठवलं नाही. पुढची मागणी दोन किलोची आली, आणि सोबत त्यांच्या जाऊबाईंचीही.

पण सगळ्या तक्रारी अशा नसतात, हेही सांगायला हवं. ऑनलाइन विकलं की लोक तारे देतात, पाचपैकी किती. कुणी एक तारा देऊन जातो आणि कारणसुद्धा लिहीत नाही. त्या एका ताऱ्यामुळे रात्रभर झोप न लागलेल्या बायका आम्हाला माहीत आहेत. आमचा नियम साधा आहे. तक्रार वाचायची दोघींनी मिळून, एकटीने नाही, आणि रात्री ८ नंतर नाही. वजनाची, बुरशीची, फुटलेल्या पाकिटाची तक्रार असेल तर त्याच दिवशी पैसे किंवा नवं पाकीट, वाद नाही. चवीची असेल तर नम्र उत्तर. कारणच नसेल तर पुढे. एकटीने रात्री मोबाइल हातात घेऊन बसलं की एक ओळ शंभर वेळा वाचली जाते, आणि दर वेळी ती जास्त खरी वाटायला लागते.

भाषेचं काय, असं बऱ्याच जणी विचारतात. व्हिडिओ करायचा म्हटलं की आमच्या आगरी बायकांच्या तोंडातून एकदम पुस्तकी मराठी निघायला लागते, आणि मग ती अडखळते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे आजी तुम्हाला माहीत असतील, 'आपली आजी' म्हणून. सत्तरीच्या घरातल्या बाई. नातवाने मोबाइल धरला आणि आजी आपल्या गावच्या बोलीत भाजी कशी करायची ते सांगत गेल्या. २०२० साली ते चॅनल घराघरांत पोचलं. त्या आजींनी आधी भाषा सुधारायचं ठरवलं असतं तर आपण त्यांना बघितलंच नसतं. तसंच आजच्या तेलंगणातलं माचनूर गाव, तिथल्या दलित बायकांनी २००८ साली 'संघम रेडिओ' सुरू केला, आपल्या शेतातल्या, आपल्या तोंडच्या तेलुगूत. आज आम्ही इथे माइकसमोर बसलोय तेही तसंच. मघाशी 'खाट' म्हणालो, म्हणजे मिरचीचा ठसका, ते कुणाला कळलं नसेल तर आता कळलं.

आता जरा अवघड भाग. काटेकोर नजर गटात आली की ती फक्त स्वतःवर चालत नाही, दुसऱ्यांवर चालते. प्रत्येक गटात एक तरी बाई अशी असते जी सगळ्यांनी भरलेली पाकिटं पुन्हा उघडून पुन्हा भरते. रागावत नाही, काही बोलत नाही, फक्त पुन्हा करते. तिला वाटतं आपण गटाचं भलं करतो. आणि जिने ते पाकीट आधी भरलं होतं ती बघत असते. दोन आठवडे बघते, तिसऱ्या आठवड्यात सांगते, "घरी काम आहे." मग येत नाही. आम्ही बरेच गट पाहिले, पैशावरून फुटलेले असतात तसे ह्यावरूनही फुटतात, फक्त ह्याचं नाव कुणी घेत नाही. सोडून जाणारी बहुतेक वेळा नवी सून असते, किंवा जिचं शिक्षण कमी ती, किंवा जिला दिसायला त्रास होतो ती म्हातारी. ज्यांना ह्या पैशाची सगळ्यांत जास्त गरज त्याच आधी जातात.

आमच्यात एक काकू आहेत, त्यांचा हात थोडा थरथरतो. पाकिटाची चिकटपट्टी यंत्रावर त्या दाबतात ती तिरपी येते. तिरपी पट्टी बघून डोळ्याला बरं नाही वाटत, हे खरं. पण प्रश्न डोळ्याचा आहे का हवेचा? म्हणून आम्ही एक बादली ठेवली. बंद पाकीट पाण्यात दाबायचं. बुडबुडे आले तर पट्टी कच्ची, पुन्हा करायची. नाही आले तर पक्की, मग ती तिरपी असो नाहीतर नागमोडी. काकूंची पाकिटं बादलीत पास होतात. सरळ रेषेत पट्टी मारणाऱ्या एका तरुण पोरीची मात्र घाईत कच्ची राहतात, हे बादलीनेच दाखवलं.

दुसरं आम्ही केलं ते नमुना पाकीट. सगळ्यांनी मिळून एक पाकीट भरलं, हे आपलं असं ठरवलं, आणि ते फळीवर ठेवलं. ह्याच्याएवढं झालं की पुरे. ह्याच्यापेक्षा छान करायला कुणाला बंदी नाही, पण दुसरीचं उघडायचं नाही. पुन्हा पुन्हा भरणारी जी बाई होती, तिला आम्ही मिरची खरेदीला नेलं. आता वाशीच्या मार्केटात व्यापाऱ्यासमोर पोत्यात खोलवर हात घालून तळाची मिरची वर काढणारी तीच. तिची नजर तिथे पाहिजे होती.

वेळेचं सांगायचं राहतंय, आणि आमच्या गावाला ते जास्त कळतं. आमच्या आजूबाजूला मिठागरं. पाऊस संपला की बांध नव्याने घालायचे, पाणी घ्यायचं, उन्हात मीठ धरू द्यायचं, आणि पुढचा पाऊस यायच्या आत ते उचलायचं. मीठ अजून थोडं पांढरं होऊ दे म्हणून जूनपर्यंत थांबणारा माणूस आमच्या बापजाद्यांनी कधी पाहिला नाही. थांबला तर मीठ पाण्यात. उत्तनच्या कोळणीही तशाच. पाटीत मासा मांडताना किती निगुतीने मांडतात, पण बाजाराची वेळ त्यापायी चुकवत नाहीत. मसाल्याचंही तेच. मार्च ते मे एवढंच ऊन. शहरातल्या बायका वर्षाचा मसाला ह्याच दिवसांत भरतात. जूनमध्ये सुरेख लेबल छापून आलं तर ते कुणाला दाखवायचं?

आणि थांबण्याला पैसे पडतात, ते दिसत नाहीत एवढंच. समजा गटातून १०,००० रुपये उचलून मिरची घेतली, शेकडा महिना २ रुपयांनी. महिन्याला २०० रुपये व्याज. लोगो, डबा, फोटो करता करता पाच महिने गेले तर १,००० रुपये गेले, आणि मिरची जुनी झाली ती वेगळीच. कुणी विचारलं की डबा केवढ्याला पडला, तर हे हजार रुपये त्या डब्याच्या किमतीत धरायचे. आम्ही एका गटाला हा हिशेब फळ्यावर करून दाखवला तेव्हा त्यांची अध्यक्षीण म्हणाली, "म्हणजे आमचा डबा सोन्याचाच झाला की."

मग सुरू कसं करायचं? आम्ही सांगतो, पहिली दहा पाकिटं. दहाच. साधं पारदर्शक पाकीट, साधं लेबल, वरच्या चार गोष्टी पक्क्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या दहा घरांना एक फोटो, किंमत आणि वजन. मोफत द्यायचं नाही, पैसे घ्यायचे, कारण फुकट खाणारा खरं बोलत नाही. आठ दिवसांनी प्रत्येकीला फोन करून दोनच प्रश्न विचारायचे: काय आवडलं नाही, आणि पुन्हा घ्याल का. "कसा वाटला?" असं विचारायचं नाही, त्यावर सगळ्या "छान" म्हणतात. दहांचं ऐकून पुढच्या पंचवीस पाकिटांत जे बदलायचं ते बदलायचं. आमच्या बाबतीत गिऱ्हाइकांनी नाव, लोगो, डबा ह्यातलं एकही सांगितलं नाही. सांगितलं ते असं: पाकिटाचं तोंड पुन्हा बंद करता यावं, आणि पाव किलोऐवजी अर्ध्या किलोचं पाकीट असावं. आम्ही घरात बसून वर्षभर विचार केला असता तरी हे सुचलं नसतं. आम्ही स्वतः मसाला बरणीत ठेवतो ना!

दहा दिवसांची तारीख गटाच्या वहीत लिहा आणि त्या खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. त्या तारखेला जे तयार असेल ते जाईल. एखादी म्हणेल, "नको गं बाय, अजून चार दिवस थांबू." तिला विचारा, ह्या चार दिवसांत कोरडेपणा, वजन, लेबल, पैसे ह्यातलं काय सुधारणार आहे? ह्यातलं एखादं सुधारणार असेल तर थांबा, चार दिवस काय, आठ दिवस थांबा. नसेल तर पाकिटं बाहेर काढा.

पार्सल पोस्टाने पाठवायचं की कुरिअरने, पाकीट वाटेत फुटू नये म्हणून आत काय घालायचं, आणि 'पैसे मग देते' म्हणणाऱ्या नातेवाइकांचं काय करायचं, हे तीन प्रश्न सगळ्यांत जास्त आले आहेत. पहिले दोन पुढच्या भागात घेतो. तिसऱ्यासाठी एक अख्खा भाग लागेल. तोवर, ज्यांची मिरची आज उन्हात आहे त्यांनी चार वाजायच्या आत ती घरात घ्या, वारा फिरलाय. नमस्कार.